टिचबटणाची कवळी

१

मला वाटलं होतं, दार उघडताच आई मला फैलावर घेईल. केस का कापलेस, एवढ्या बॅगा कशाला, टॅक्सीवाल्याने नक्की फिरवून आणलं असणार. आईचं प्रेम नेहमी याच वाटेने यायचं. तिची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली. दिवसभर परक्यांशी गोड बोलून ती घरी यायची आणि उरलेलं तिखट आमच्या वाट्याला यायचं, असं बाबा होते तेव्हा म्हणायचे.

दार उघडलं. आई हसली. “आलीस? बरं झालं,” म्हणाली आणि बाजूला झाली. मी मुद्दाम केसांवरून हात फिरवला. “छान दिसतात,” ती म्हणाली.

जिथे मी काम करायला आले होते त्या दातांच्या दवाखान्याचंही तसंच. मामाचा दवाखाना म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे लहानपणचा होता: करकरणारी खुर्ची, गळका नळ आणि दर दोन शब्दांना घसरणाऱ्या कवळ्या घालून बसलेली म्हातारी माणसं. त्या माणसांसाठीच मी दूर जाऊन शिकले होते. हसताना कुणाला तोंडावर हात धरावा लागू नये, बोळक्या तोंडाने कुणी पंगतीतून लवकर उठू नये, एवढंच माझं स्वप्न होतं आणि ते मी विमानात शेजारच्या अनोळखी बाईलाही ऐकवलं होतं. मामाशी वाद घालायची माझी पूर्ण तयारी होती.

वादाला जागाच नव्हती. खुर्ची नवी, नळ धड, आणि जी कवळी मी शिकून आले होते तीच मामाने आजूबाजूच्या निम्म्या म्हाताऱ्यांना बसवून टाकली होती. माझ्या आईलासुद्धा. मी जी लढाई लढायला कंबर कसून आले होते ती माझ्यावाचून जिंकून झाली होती.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, कवळी कशी वाटते. ती म्हणाली, “आता सगळं सोसतं. कसलाच त्रास नाही.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.

२

लोक तिला टिचबटणाची कवळी म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे. खालच्या जबड्याच्या हाडात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे धातूचे स्क्रू, बसवायचे. ते हाडात मुरले की त्यांच्यावर गोल डोक्याच्या दोन लहान खुंट्या आट्यांनी आवळायच्या. कवळीच्या पोटात बरोबर त्या जागी दोन टोप्या आणि टोप्यांत रबराची कडी. कवळी तोंडात ठेवून बोटाने दाबली की टक आवाज होतो आणि ती बसते. जेवताना हलत नाही, शिंकताना उडत नाही, पण रात्री काढून धुता येते. रबर झिजतं, म्हणून अधूनमधून ते बदलायला यावं लागतं. एवढंच.

मामाच्या दवाखान्यात याला एक जोड होती, जी मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. रबर बदलायला कवळी काढली रे काढली, की सिस्टर पेशंटच्या हिरड्यांमध्ये कापसाची जाड गुंडाळी ठेवायची आणि म्हणायची, “चावून धरा.” कवळी परत बसेपर्यंत कापूस काढायचा नाही. सिस्टर मामाकडे माझ्या शाळेपासून होती. पेशंटच्या हातात आरसा द्यायला ती कधी कधी विसरायची. कापूस कधीच विसरली नाही.

मी मामाला विचारलं. तो म्हणाला, खुंट्या कोरड्या राहतात. मी म्हटलं, खुंट्यांना लाळेने काय होणार, त्या दिवसभर लाळेतच असतात. तो हसला आणि म्हणाला, “तुमच्या तिकडे लाळ वेगळी असेल.”

जुन्या माणसांच्या सवयी, म्हणून मी सोडून दिलं. तसंच त्या वाक्याचं. कवळी टक करून बसली की प्रत्येक पेशंट तेच म्हणायचा: आता सगळं सोसतं, कसलाच त्रास नाही. कंडक्टर म्हणून आयुष्यभर ओरडलेले आजोबा आणि कधी आवाज न चढवलेल्या भूगोलाच्या बाई, दोघंही एकाच पट्टीत. मला चमत्कारिक वाटलं तेव्हा मामाने खुलासा केला. नवी कवळी घातली की स नीट येतो का हे बघावंच लागतं. दात जरा पुढे-मागे झाले तर शिट्टी वाजते. या वाक्यात स भरपूर आहेत, म्हणून तो तेच म्हणून घेतो. लोकांच्या तोंडी ते बसून जातं.

खुलासा चोख होता. मीही शिकताना पेशंटकडून साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणून घ्यायचे. तरीही आईने ते वाक्य मला चाचणीसाठी म्हणून दाखवलं नव्हतं. मी तिला विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं.

३

उपचाराची खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये अर्धी काच होती. तिच्या वरच्या भागाला पांढरा कागद लावलेला, खालचा मोकळा. माझ्या स्टुलावर बसलं की काचेतून बाकावरच्या माणसांच्या हनुवट्या आणि गळे तेवढे दिसायचे.

रबर बदलण्याच्या दिवशी बाक भरलेला असायचा आणि तरीही बाहेर चिडीचूप. दवाखान्यातला बाक कधी गप्प नसतो. तिथे सुनांची गाऱ्हाणी होतात, औषधं सांगितली जातात, नंबर कुणाचा यावरून जुंपते. इथे पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

मी मान खाली घालून एक कवळी पॉलिश करत होते. सहज नजर काचेकडे गेली. बाकावरच्या सगळ्या हनुवट्या हलत होत्या. अगदी थोड्या, चघळताना हलतात तशा. खाली जायच्या, जराशा डावीकडे सरकायच्या आणि मिटायच्या. म्हाताऱ्या माणसांना तोंड हलवायची सवय असते, नव्या कवळीवर जिभेचा चाळा चालतोच, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक माणूस आपल्या चालीने चावतो. जबडे मोजणं हे माझं कामच. दोन माणसांची चाल सारखी मी आजवर पाहिली नव्हती.

या सगळ्या एकदम खाली जात होत्या. एकदम डावीकडे. एकदम वर.

मी दार उघडून बाहेर गेले. सगळे माझ्याकडे बघून हसले. हनुवट्या स्थिर होत्या. मी विचारलं, नंबर कुणाचा? कुणालाच घाई नव्हती. जो तो म्हणाला, यांना आधी घ्या.

४

सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा असा पहिला पेशंट म्हणजे कुलूपवाले. कोपऱ्यावर किल्ल्या बनवायचं त्यांचं दुकान. इम्प्लांट मी बसवले, मापं मी घेतली, कवळीचे दात मी निवडले. त्यांनी पूर्ण वेळ माझी फिरकी घेतली. भूल उतरायच्या आधीच म्हणाले, “डॉक्टर, याची किल्ली तुमच्याकडेच ठेवा हं. बायकोच्या हाती लागली तर माझं तोंड कायमचं बंद.” मी म्हटलं, याला किल्ली नसते. म्हणाले, मग हे कुलूप नाही, फसवणूक आहे.

टोप्या बसवायच्या दिवशी मी मामाची पद्धत कटाक्षाने टाळली. कापूस वापरला नाही. कवळीच्या पोटात दोन खळगे कोरले, खुंट्यांवर टोप्या चढवल्या, खळग्यांत गुलाबी लगदा भरला आणि कवळी बसवून त्यांना अलगद मिटून बसायला सांगितलं. लगदा घट्ट होईपर्यंत ते डोळ्यांनी माझी नक्कल करत होते, कपाळाला आठी घालून. मला हसू आवरेना. मग कवळी काढली. टोप्या आत पक्क्या रुतल्या होत्या. कडा घासून गुळगुळीत केल्या, रबराची कडी घातली आणि त्यांच्याच हाताने दाबायला लावलं.

टक.

त्यांचे डोळे जरा वेळ माझ्यावर होते. मग कपाळाची आठी गेली. झोपलेल्या माणसाची जाते तशी.

मी म्हटलं, “साठपासून आकडे म्हणा बघू.”

“आता सगळं सोसतं,” ते म्हणाले. “कसलाच त्रास नाही.”

मी सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं, तू त्यांना शिकवलंस का. ती दुखावली. म्हणाली, मी तुमच्या पेशंटच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. मग त्यांनी बाहेर बाकावर ऐकलं असेल. लोक ऐकतात, उचलतात. मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं की त्यातलं खरेपण झिजून गेलं.

५

थोड्या दिवसांनी कुलूपवाल्यांची बायको एकटीच आली. खुर्चीत बसेना. उभ्यानेच म्हणाली, “तुम्ही ह्यांना काय केलंत?”

मी घाबरून विचारलं, दुखतंय का, सूज आहे का.

“दुखत नाही. तेच तर.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती सांगू लागली. या माणसाने सगळा जन्म तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मीठ कमी, तिखट जास्त, तुझ्या माहेरी चव नावाची वस्तूच नाही. आता पानात काहीही वाढा, खातात. परवा तिने रागाने भाजीत मीठच घातलं नाही. खाल्ली आणि म्हणाले, सगळं सोसतं. दुकानात गिऱ्हाईक भांडून गेलं, हे हसत बसले. “कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील हिला सुख टोचतंय. पण डॉक्टर, घरात मी एकटीच आहे असं वाटतं हो.” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “थोडी ढिली करता येईल का?”

करता येते. कमी ताकदीचं रबर असतं. मी तिला म्हटलं, त्यांना घेऊन या.

ती आली ती पुढच्या आठवड्यात, पण माझ्याकडे नाही. मामाच्या खुर्चीत बसली होती. स्वतःचे उरलेले दात काढून घ्यायला. मी दारातून तिच्याकडे बघितलं तर तिने नजर चुकवली. “एकटीने भांडता येत नाही, बाई,” एवढंच म्हणाली.

६

भूगोलाच्या बाई रबर बदलायला आल्या त्या दुपारी सिस्टर हत्यारं उकळायला मागे गेली होती. मी कवळी काढली, बशीत ठेवली आणि रबर उचकटायला त्यांच्याकडे पाठ केली. कापूस मी ठेवला नाही. मुद्दाम नाही, मला ती सवयच नव्हती.

मागून आवाज आला. दात नसले की स, त, द, झ सगळे एकमेकांत मिसळतात, ओठ आत जातात, शब्दाचा नुसता लगदा होतो. घरच्यांनाही ते कळत नाही. मला कळतं. शिकताना वर्षभर मी बोळक्या तोंडांशीच बोलत होते.

“कापूस नको,” त्या म्हणत होत्या. “पोरी, कापूस घालू देऊ नकोस. ऐक. लवकर ऐक.”

मी वळले. खुर्चीच्या हातांवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. चेहरा तोच, पण आतून कुणीतरी धावत येऊन खिडकीशी उभं राहावं तसे डोळे.

“ती कवळी बोलते ते मी बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “मी इथे...”

सिस्टर आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ओरडली नाही. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवावं तशा सवयीने तिने कापूस उचलला. “बाई, आ करा.” आणि बाईंचा आवाज कापसात गेला. नाकातून एक बारीक सूर येत राहिला. माझ्या हातातली कवळी सिस्टरने घेतली, रबर न बदलताच, आणि बसवली.

टक. बाईंची बोटं सैल झाली.

“बाई, आता काय सांगत होतात?” मी विचारलं.

“मी? मी कुठे काय बोलले?” त्या हसल्या. मग ते वाक्य.

त्या गेल्यावर मी सिस्टरला धरलं. किती वर्षं ऐकतेयस हे? ती हात धूत राहिली. म्हणाली, “माझी नोकरी कापसाची आहे. ऐकायची नाही.”

७

मामाकडे सगळ्याचं उत्तर होतं. अगं, म्हातारी माणसं. कवळी काढली की चेहरा आक्रसतो, तोंड परकं वाटतं, काही जण बावचळतात, बरळतात. म्हणून तर कापूस. त्यांना काहीतरी चावायला मिळालं की शांत राहतात. तो हे सांगत असताना आम्ही डबे उघडून बसलो होतो. त्याचं बोलणं इतकं सुसंगत होतं की मला माझीच लाज वाटू लागली. एवढं शिकून मी एका गोंधळलेल्या बाईचं बोलणं धरून बसले होते.

मग तो जेवू लागला. हनुवटी खाली गेली, जराशी डावीकडे सरकली आणि मिटली.

“तुझे दात कधी गेले?” मी विचारलं.

“माझे? अगं, सगळ्यांत आधी माझ्याच तोंडात बसवली ना. आधी स्वतःवर करून बघावं माणसाने.” तो चावत राहिला. “तुझे मात्र आजोबांवर गेलेत. भक्कम. अक्कलदाढ त्रास देते का कधी?”

मी नाही म्हटलं. घासही मी न चावताच गिळला.

८

आई रात्री कवळी काढत नव्हती. मी रोज सांगायचे, काढून ठेव, हिरड्यांना हवा लागू दे. ती “हो, काढते” म्हणायची. नाही कधीच म्हणाली नाही. फक्त काढायची नाही.

आता मी तिच्याकडे पाळतीवर असल्यासारखी बघू लागले. ती माझे कपडे घडी करायची, मी उशिरा उठले तरी काही बोलायची नाही, मी आणलेली महागडी कॉफी निमूट प्यायची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, मी नोकरी सोडून घरी बसणार आहे. “बस की,” ती म्हणाली. माझ्या आईने या वाक्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ आईची होती. मानेवरचा तीळ आईचा होता. मी मनाशी म्हणत होते, माणसं वयाने निवळतात, तुला तिचं भांडण हवंय म्हणून तू भुतं शोधतेस.

शेवटी मी एक साधी थाप मारली. कवळीला बारीक तडा दिसतोय, दुपारी दवाखान्यात ये, मी बघते. दुपारी मामा घरी झोपायला जातो, सिस्टरही जाते. “येते की,” आई म्हणाली आणि आली.

पुढच्या दाराचा पडदा ओढून मी तिला खुर्चीत बसवलं. दिवा लावला. दोन्ही अंगठे कवळीच्या कडेखाली घालून वर उचललं. एवढी घट्ट बसलेली मी दुसऱ्या कुणाचीच काढली नव्हती. रबराची पकड किती असते हे माझ्या हातांना पाठ आहे. ही पकड त्याहून जास्त होती, जणू कुणी पलीकडून धरलंय. मग एक बाजू सुटली, मग दुसरी. कवळी मी बशीत ठेवली.

आईचे गाल आत गेले. ती दिव्याने डोळे मिचकावत इकडेतिकडे बघू लागली. छत, नळ, माझा पांढरा कोट. मग माझा चेहरा. तिने हात वर केला आणि माझ्या कापलेल्या केसांना लावला, चटका बसावा तसा काढला, पुन्हा लावला.

“तू कधी आलीस?” आईने विचारलं.

मी तिच्याशेजारी जेवत होते, तिच्याशेजारी झोपत होते, ऋतू बदलला होता त्या काळात.

“किती वाळलीस गं. हे केसांचं काय केलंस? कुणी सांगितलं होतं?” बोळक्या, ओल्या शब्दांत ती भरभर बोलत होती. “तुझा आवाज यायचा मधूनमधून. लांबून. मला वाटायचं फोन आहे. मी किती हॅलो हॅलो केलं.”

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आई, मी आता ती परत घालणार नाही.

तेव्हा बशीत आवाज झाला. कवळी बशीच्या मधोमध होती, ती कडेला टेकली होती. मी ती नीट ठेवली नसेल, घसरली असेल. मी असंच म्हटलं मनाशी. पण आई बशीकडे बघत नव्हती. ती माझ्या मागे बघत होती, काचेकडे.

पुढचं दार मी बंद केलं होतं. कडी घातली होती का, आठवत नाही. काचेच्या मोकळ्या भागातून बाकावरच्या हनुवट्या दिसत होत्या. बाक भरला होता. मला एका हनुवटीवरचा तीळ ओळखता आला, तो भूगोलाच्या बाईंचा, आणि दाढीचे खुंट कुलूपवाल्यांचे, आणि त्यांच्या शेजारी एक सुजलेली, पट्टी बांधलेली हनुवटी. टोकाला मामाचा गळा. कुणीही हलत नव्हतं. सगळ्या हनुवट्या किंचित उघड्या होत्या, एकाच अंतरावर, चावा घ्यायच्या आधी जबडा थांबतो तशा.

“दात तुझे अजून सगळे आहेत ना?” आईने कुजबुजत विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

“मग बघू नकोस तिकडे,” ती म्हणाली. आणि मला कळायच्या आत माझ्या अंगावरून हात लांबवून तिने बशीतली कवळी उचलली, तोंडात ठेवली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दाबली.

टक.

बाहेर बाकाचं लाकूड करकरलं. मी वळले तेव्हा काचेपलीकडे रिकामा बाक होता, भिंत होती, कॅलेंडर होतं. पुढचं दार लोटलेलं होतं आणि पडदा हलत होता.

“आता सगळं सोसतं,” आई प्रसन्नपणे म्हणाली. “तडा नाही ना गं?”

९

सकाळी आई टेबलाशी बसून चहात पाव बुडवून खात होती. खाली, डावीकडे, वर. ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. तिच्याकडे बघताना मला कालचं सगळं पुन्हा उलगडून खोटं ठरवता येत होतं. कवळी काढल्यावर म्हातारी माणसं बावचळतात. बाकावर लवकर आलेले पेशंट असू शकतात. मामाकडे किल्ली आहेच. मी थकले होते. एकेक गोष्ट सुटी केली तर प्रत्येकीला खुलासा होता, आणि मामाने तो माझ्यापेक्षा चांगला केला असता.

फक्त एका प्रश्नाला नव्हता. तू कधी आलीस, हे मला कुणी विचारलं?

मी फोन करून मामाला सांगितलं, आज येत नाही. तो म्हणाला, बरं, आराम कर, आम्हीच संध्याकाळी येऊ घरी. आम्ही म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

नुसती कवळी लपवून भागणार नव्हतं, हे मला कळलं होतं. लपवली तर ते दुसरी आणतील, आणि आई मला काही होईल या भीतीने ती स्वतःच दाबून बसवेल. पण खुंट्या आट्यांनी आवळलेल्या असतात, आणि ज्या आवळता येतात त्या उघडताही येतात. त्यांच्या जागी सपाट झाकणं लावली की टोपीला पकडायला काही उरत नाही. मग कुणी कितीही दाबलं तरी त्या तोंडात काही टक करून बसणार नाही.

आणि तिच्या तोंडात मी स्वतः पुन्हा काहीही बसवायचं नाही. ढिलीसुद्धा नाही. आई उरलेलं आयुष्य मऊ खाईल, हसताना तोंडावर हात धरेल, आणि ती काय म्हणते ते माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. हेच कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी घर सोडून इतकी दूर गेले होते.

मी दाराला कडी घातली, या वेळी हात लावून बघितली. बॅगेतून खुंट्या उघडायचं हत्यार आणि झाकणांची डबी काढली, हात धुतले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“आई, आ कर,” मी म्हटलं.

मी आल्यापासून जी कशालाच नाही म्हणाली नव्हती, तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

मग मला शंका उरली नाही. मी डाव्या हाताने तिची हनुवटी धरली.